घोट्याला इलॅस्टिक टेप: कुठे ताणायची, कुठे नाही

"मॅडम, गुलाबी आहे का?" सामन्याआधी टेपचा डबा उघडला की मुलींचा पहिला प्रश्न हाच. गुलाबी, निळी, काळी, सगळ्यांचं कापड तेच आणि गोंदही तोच. निळी थंड असते, लाल गरम असते असं काही दुकानदार छातीठोकपणे सांगतात, त्याला काडीचा आधार नाही. रंग हवा तो घ्या. टेप कुठून कुठे गेली, कुठे ताणली आणि कुठे मुद्दाम ताणली नाही, फरक पडला तर तेवढ्यानेच पडतो.

मी सांगली जिल्ह्यात फिजिओथेरपी करते आणि खो-खोच्या मुलींबरोबर मैदानावर असते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे या दोन मराठी कर्णधारांच्या संघांनी पुरुष आणि महिला अशी दोन्ही विजेतेपदं आणली. त्यानंतर आमच्याकडे मैदानावर नवीन चेहरे दिसायला लागले, आणि पाठोपाठ मुरगळलेले घोटेही. टीव्हीवर खेळाडूंच्या अंगावर रंगीत पट्ट्या दिसतात, त्यामुळे पाय मुरगळला की "टेप लावून द्या" हीच मागणी. लावून देते, पण सगळ्यांना नाही. कुणाला, कशी आणि कुणाला अजिबात नाही, ते इथे लिहिते आहे.

ही टेप म्हणजे कुठली

तीन वस्तूंची नेहमी गल्लत होते. क्रेप बँडेज अंगाला चिकटत नाही, ते गुंडाळायचं, सूज दाबून ठेवायला. पांढरी स्पोर्ट्स टेप झिंक ऑक्साइडच्या गोंदाची, ती ताणत नाही, सांधा जखडायला वापरतात. आणि तिसरी ही, आपली इलॅस्टिक टेप. सुती कापडात लवचिक धागे विणलेले असतात आणि मागे ॲक्रिलिक गोंद नागमोडी रेघांत लावलेला असतो. लांबीच्या दिशेने ताणते, रुंदीत ताणत नाही. औषध तिच्यात कुठलंही नसतं. केंझो कासे नावाच्या जपानी कायरोप्रॅक्टरने (मणका आणि सांधे हातांनी हाताळून उपचार करणाऱ्याने) १९७० च्या दशकात ती काढली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीच व्हॉलीबॉलच्या केरी वॉल्शच्या खांद्यावर काळी टेप साऱ्या जगाने पाहिली आणि मग ती सगळीकडे झाली.

घोट्यासाठी ५ सेंटिमीटर रुंदीचा रोल घ्या. त्याहून अरुंद घेऊ नका. आधीच कापून ठेवलेल्या तयार पट्ट्याही मिळतात, पण बारा वर्षांच्या मुलीचा पाय आणि मोठ्या माणसाचा पाय यांना एकाच मापाची पट्टी कशी पुरेल?

ती काय करते, काय करत नाही

घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तीन अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे दोर, असतात. त्यातला पुढचा सगळ्यांत नाजूक, पाय आत मुडपला की आधी तोच ताणतो किंवा फाटतो. आतल्या बाजूचा अस्थिबंध रुंद आणि दणकट असतो, शिवाय बाहेरचं हाड आतल्या हाडापेक्षा खाली उतरलेलं असतं. त्यामुळे पाय बाहेर मुडपणं अवघड आणि आत मुडपणं सोपं. खो-खोत तर त्याला निमित्तच निमित्त. संरक्षण करणारी मुलगी हुलकावणी देताना एका पायावर सारं अंग फिरवते. पाटीत बसलेली मुलगी खो मिळताच उठून पहिलंच पाऊल तिरकं टाकते. खांबाला हात घालून वळताना सगळा भार पायाच्या बाहेरच्या कडेवर येतो.

अस्थिबंध फाटतो तेव्हा नुसता दोरा तुटत नाही. पाय कुठल्या कोनात आहे ही खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोकंही तिथेच असतात, तीही दुखावतात. सूज उतरते, दुखणं थांबतं, मुलगी पळायला लागते, पण ही खबर पूर्वीसारखी चोख जात नाही. म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. आधी झालेली दुखापत हेच पुढच्या दुखापतीचं सगळ्यांत मोठं कारण आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पाय मुडपायला लागल्यावर पोटरीच्या बाहेरचे स्नायू त्याला आवरायला धावतात खरे, पण तोवर बहुधा उशीर झालेला असतो. ते स्नायू पाऊल जमिनीला टेकायच्या आधीच जागे असायला हवेत.

इथे टेपचं काम येतं. खो देताना आपण बसलेल्या खेळाडूच्या पाठीला हात लावतो. तो हात तिला उचलत नाही, उठायचं तिचं तिलाच असतं. टेपही त्वचेला एवढंच करते. पाय आत वळायला लागला की बाहेरच्या अंगाची त्वचा ओढली जाते, तिथलं भान वाढतं, पुढचं काम स्नायूंचं.

यावर झालेले अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत एका पायावरचा तोल थोडा सुधारलेला दिसतो, तर काहींत नीट ताणून लावलेली टेप आणि नुसती चिकटवलेली टेप यांत फरकच दिसत नाही. सांधा रोखून धरण्यात मात्र ती पांढऱ्या टेपच्या किंवा ब्रेसच्या, म्हणजे घोट्याला आवळून बांधायच्या आधारपट्ट्याच्या, जवळपासही जात नाही. माझ्या अनुभवात जुनी दुखापत बरी झालेल्या, पण पायावर भरवसा नसलेल्या मुलींना तिचा सगळ्यांत जास्त उपयोग होतो. कालच मुरगळलेल्या पायावर ती लावून उद्या सामना खेळायचा, हा तिचा उपयोग नव्हे, मग प्रशिक्षक सर कितीही मागे लागोत.

आधी पाय तपासा

ताजी दुखापत असेल तर टेप बाजूला ठेवा. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये एक सोपी कसोटी मांडली, ती आज जगभर वापरतात. मी ती मैदानावर प्रत्येक सरांना आणि पालकांना शिकवते.

पाय मुरगळल्यानंतर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येतात का? लंगडत टाकली तरी चालतील. घोट्याच्या बाहेरच्या हाडाची मागची कड, खालच्या टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबून बघा. तसंच आतल्या हाडाचं. मग करंगळीच्या रेषेत मागे येत पायाच्या बाहेरच्या कडेवर मध्यावर एक उंचवटा लागतो, तो दाबा. आणि शेवटी आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. चार पावलं टाकता येत नसतील किंवा यातल्या एकाही ठिकाणी हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढायचा. सूज किती आहे यावर जाऊ नका. टम्म सुजलेल्या पायात हाड शाबूत असतं आणि किरकोळ सुजलेल्यात चिरलेलं असतं, असं दोन्ही होतं. वाढीच्या वयातल्या मुलांच्या हाडाच्या टोकाशी वाढीची चकती असते, तिला लागलेलं असू शकतं. त्यामुळे बाहेरच्या हाडाच्या टोकावर दुखत असेल तर मूल चालतंय म्हणून सोडून देऊ नका.

आणि कृपा करून पहिल्या दोन-तीन दिवसांत जोरजोरात चोळून घेऊ नका. आमच्या भागात "अमक्या गावचा माणूस शीर बसवतो" म्हणून मुरगळलेला पाय घेऊन लोक पंधरा-वीस किलोमीटर जातात आणि दुप्पट सूज घेऊन येतात.

पायावर जखम, पुरळ, खरूज किंवा फोड असेल, मधुमेहामुळे तळपाय बधिर असेल, पोटरी एकाच बाजूची सुजून गरम लागत असेल, तर टेप लावायची नाही. शेवटच्या बाबतीत तर थेट डॉक्टर गाठायचा, कारण शिरेत रक्ताची गाठ असू शकते.

पूर्वी कधी चिकटपट्टीने खाज सुटली असेल तर आधी दंडाच्या आतल्या बाजूला दोन बोटं रुंद तुकडा चिकटवून एक दिवस ठेवा. लाल झालं नाही तर पुढे जा.

त्वचेची तयारी

टेप निघून येते अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा दोष टेपमध्ये नसतो, तेलात असतो. खोबरेल, मलम, स्प्रे, काहीही त्वचेवर असलं तर गोंद धरत नाही. आंबेहळद-तुरटीचा लेप लावला असेल तर तो खरवडून काढल्यावरही त्याचा पातळ थर त्वचेच्या रेघांत बसलेला असतो. साबणाने धुवा, कोरड्या पंचाने पुसा, मग स्पिरिटच्या बोळ्याने एकदा पुसून पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात एवढ्यावरही पाय दमट राहतो, म्हणून पंख्याखाली बसायला लावते.

केस दाट असतील तर कात्रीने बारीक करा. वस्तऱ्याने केलेत तर लगेच टेप लावू नका, एक दिवस जाऊ द्या. पैंजण आणि जोडवी काढून ठेवा. नवीन लग्न झालेल्या एक ताई आमच्याकडे सरावाला येतात, त्यांना जोडवी काढायची नव्हती. हरकत नाही म्हटलं, बोटांपर्यंत टेप जातच नाही. पैंजण मात्र काढावंच लागलं, कारण ते टेपच्या कडेवर घासून कड उचलतं.

टेप खेळाच्या निदान अर्धा तास आधी लागायला हवी, तासभर आधी असेल तर उत्तम. गोंद अंगाच्या उष्णतेने हळूहळू धरतो. सराव होऊन घामेजलेल्या पायावर घाईघाईने लावलेली टेप दुसऱ्या डावापर्यंतही टिकत नाही.

ताण मोजायला शिका

हे जमलं की निम्मं काम झालं. रोलमधून १० सेंटिमीटरचा तुकडा कापा, कागद काढा आणि दोन्ही टोकं धरून जितका ताणेल तितका ताणून पट्टीशेजारी धरा. बहुतेक टेपा साधारण १५ सेंटिमीटरपर्यंत जातात. म्हणजे पूर्ण ताण ५ सेंटिमीटर, अर्धा ताण अडीच. आता तोच तुकडा साडेबारावर धरून बघा, बोटांना किती ओढ लागते ते. तेवढीच ओढ घोट्याच्या बाजूला हवी. पाव ताण म्हणजे ११ च्या किंचित पुढे, ती तर ओढच वाटत नाही. कंपनीगणिक टेप कमी-जास्त ताणते, म्हणून नवीन कंपनीचा रोल घेतला की हे पुन्हा करून बघा. तुकडा वाया जातो याचं वाईट वाटून घेऊ नका, पूर्ण रोल चुकीचा लावण्यापेक्षा ते स्वस्त.

रोलमधली टेप कागदावर मुळातच थोडीशी ताणून चिकटवलेली असते. कागद काढल्यावर ती जराशी आखडते. म्हणून "न ताणता लावा" म्हटलं की कागद थोडा थोडा सोलत, टेपला हात न लावता नुसती खाली ठेवत जायचं.

पट्टीच्या दोन्ही टोकांचे तीन-चार सेंटिमीटर कधीही, कशासाठीही ताणायचे नाहीत. ताणलेलं टोक परत आखडू बघतं आणि जाताना त्वचा ओढून नेतं, तिथेच फोड येतो. मुली नेमक्या इथेच हट्ट धरतात. "मॅडम, घट्ट ओढा की जरा!" अगं, घट्ट ओढायला हे क्रेप आहे का?

तीन पट्ट्या

बाकावर किंवा टेबलावर पाय लांब करून बसा, टाच कडेच्या बाहेर राहू द्या. पाऊल नडगीशी काटकोनात धरा आणि करंगळीची बाजू किंचित वर उचला. शेवटपर्यंत पाय याच स्थितीत हवा. एकट्याने लावत असाल तर पंचाचा फास करंगळीच्या बाजूने चवड्याखालून घालून दुसऱ्या हाताने ओढून धरता येतो, पण दुसरं माणूस असेल तर बरं.

पट्ट्या आधी मापून कापा. पहिल्या पट्टीचं माप: आतल्या घोट्याच्या हाडाच्या चार बोटं वरून निघा, टाचेखालून जा आणि बाहेरच्या हाडाच्या चार बोटं वर या. मोठ्या माणसाला साधारण ३५ सेंटिमीटर लागतात. टेप ताणणार आहे, म्हणून मापापेक्षा दोन-तीन बोटं कमी कापा. दुसरी तिच्याहून थोडी आखूड. तिसरी गुडघ्याखालपासून, तिचं माप पायावरच घ्या. प्रत्येक पट्टीचे चारही कोपरे कात्रीने गोल करा. चौकोनी कोपरा मोज्यात अडकतो आणि तिथूनच टेप उलगडायला लागते.

पहिली पट्टी, टाचेखालून. एका टोकाचा कागद चार सेंटिमीटरवर दुमडून फाडा. ते टोक आतल्या बाजूला, हाडाच्या चार बोटं वर, न ताणता चिकटवा आणि तळव्याने घासा. आता बाकीचा कागद काढत पट्टी खाली आणा. आतल्या हाडावरून उतरताना ताण नाहीच्या बरोबर. टाचेखाली आल्यावर अर्धा ताण घ्या आणि तो ताण तसाच ठेवून बाहेरच्या हाडावरून वर चढवा. शेवटचे चार सेंटिमीटर पुन्हा मोकळे. दिशा लक्षात ठेवा, आतून खाली आणि बाहेरून वर. उलटी लावली तर टाच आत ओढली जाईल, म्हणजे ज्या दिशेने पाय मुरगळतो त्याच दिशेला. मी बघितलेल्या चुकांत ही सगळ्यांत जास्त वेळा दिसते, आणि पट्टी लावून झाल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसत असल्याने कुणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरी पट्टी, टाचेमागून. हिचा कागद मधोमध फाडायचा. पट्टी दोन्ही हातांनी उभी धरून कागदाच्या बाजूने मुडपली की कागद मध्ये फुटतो. दोन्ही बाजूंचा कागद थोडा मागे सोला आणि कागदालाच धरा, गोंदाला बोट लावू नका. मधला भाग टाचेच्या मागे, पोटरीचा जाड कंडरा जिथे टाचेला मिळतो तिथे ठेवा. मग एक बाजू बाहेरच्या हाडाच्या खालून आणि दुसरी आतल्या हाडाच्या खालून पुढे आणून पायाच्या वरच्या बाजूला सोडा. ताण पाव, तोही फक्त हाडांखालून जाताना. दोन्ही टोकं वर एकमेकांना भेटायला नकोत, मध्ये बोटभर मोकळी जागा ठेवा. ताणलेली टेप पायाभोवती पूर्ण फेरा मारून कधीही बंद करायची नाही. धावताना पाय सुजतो, फेरा सुजत नाही.

तिसरी पट्टी, पोटरीच्या बाहेरच्या स्नायूंवर. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या अंगाला हाडाचा गोल उंचवटा लागतो. त्याच्या खालून न ताणता सुरुवात करा आणि पायाच्या बाहेरच्या कडेने सरळ खाली या. बाहेरच्या घोट्याच्या मागून वळा आणि करंगळीच्या बाजूच्या त्या मधल्या उंचवट्याच्या थोडं पुढे संपवा. या पट्टीला पाव ताणापेक्षा जास्त नको. पाय मुडपायच्या आधी जागे असायला हवेत म्हटलं ते स्नायू हेच. ज्यांना दोनच पट्ट्या लावायचा वेळ आहे त्यांना मी दुसरी सोडायला सांगते, ही नाही.

लावून झालं की काढलेल्या कागदाच्या गुळगुळीत बाजूने किंवा तळव्याने सगळ्या पट्ट्या अर्धा-पाऊण मिनिट घासा. टोकांकडून मध्ये घासू नका, मधून टोकांकडे घासा.

लावल्यावर

उभं राहा. अंगठ्याचं नख दाबून सोडा, दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटांत मुंग्या, गारठा, निळसरपणा किंवा ठणका काहीही जाणवलं तर लगेच काढा. "थोड्या वेळाने सैल होईल" असं होत नाही. चवड्यावर उठा, उकिडवं बसा, एका पायावर हलकी उडी मारा. कुठे टोचत असेल तर तीच पट्टी काढून नवीन लावा. एकदा उचललेली पट्टी परत चिकटवायची नाही.

वरून मोजा घालताना तो गोळा करून आधी बोटांत घाला आणि मग टाचेवरून उलगडा, नाहीतर पहिल्याच ओढीला टाचेमागची पट्टी गुंडाळली जाते. मातीच्या मैदानावर अनवाणी खेळत असाल तर टाचेखालचा भाग लवकर फाटतो आणि कडांत माती शिरते. अशा वेळी टेप सामन्यापुरतीच समजा. मॅटवर उघड्या टेपवर पाय सरकू शकतो, तिथे बूट-मोजे हवेतच.

एरवी टेप तीन ते पाच दिवस राहते. आंघोळ करा, फक्त टेप घासू नका. पंचाने टिपून घ्या, हेअर ड्रायर लावू नका, गरम झालेला गोंद त्वचेला जास्तच धरतो. कड उचलली तर तेवढी कापून टाका. खाज आली की त्याच दिवशी काढा, पाचव्या दिवसाची वाट बघू नका.

काढताना कुणी झटक्यात ओढून काढतं, तेव्हा माझ्याच पोटात गोळा येतो. वरून खोबरेल तेल चोळा, दहा मिनिटं थांबा. मग एका हाताने त्वचा खाली दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने टेप केसांच्या दिशेने, पायाला लागूनच मागे गुंडाळत न्या. टेप वर उचलायची नाही, त्वचा टेपपासून दूर दाबत जायची. उरलेला चिकटपणाही तेलानेच जातो. नंतर निदान एक दिवस पाय मोकळा ठेवा.

तुम्हाला उपयोग होतो का, हे घरीच तपासा

फरशीवर खडूने तीन रेघा काढा. एका बिंदूपासून एक सरळ पुढे, दुसरी तिरकी मागे डावीकडे, तिसरी तिरकी मागे उजवीकडे. बिंदूवर एका पायाने उभं राहा, हात कमरेवर, टाच उचलायची नाही. दुसरा पाय रेघेवरून जितका लांब जाईल तितका नेऊन बोटाने हलका टेकवा आणि परत आणा. तिथे खूण करा. तिन्ही दिशांना तीन-तीनदा, दोन्ही पायांवर. पुढच्या रेघेवर दोन पायांतला फरक ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त आला तर त्या पायावर माझं लक्ष असतं. मग कमी पडलेल्या पायाला टेप लावून अर्ध्या तासाने हेच पुन्हा करा. पहिल्यांदा करताना सवय नसते म्हणून दुसऱ्यांदा आकडा आपोआप थोडा सुधारतो, त्यामुळे मोजायच्या आधी चार-पाचदा नुसतं करून घ्या. टेपने पाय लांब जात असेल किंवा डगमग कमी होत असेल तर वापरा. काहीच फरक नसेल तर पैसे वाचले.

फरक असला तरी रोज लावून बसू नका. जो तोल टेपने थोडासा येतो तो सरावाने पुष्कळ येतो आणि फुकट येतो. सकाळी दात घासताना एका पायावर उभं राहा. ते जमलं की डोळे मिटून. तेही जमलं की घडी घातलेल्या घोंगडीवर उभं राहून जोडीदारणीशी चेंडू झेला. सायकलची जुनी ट्यूब कापून टेबलाच्या पायाला बांधा, चवड्यात अडकवा आणि पाऊल बाहेरच्या दिशेने सावकाश ओढा, सावकाश परत आणा. शेवटी खो-खोचंच काम करा, उकिडवं बसून उठायचं, तिरकं पहिलं पाऊल टाकून त्या पायावर जागच्या जागी थिजायचं. आठवड्यातून तीनदा, दहा-पंधरा मिनिटं, दोन-तीन महिने. पाय वारंवार मुरगळणं कमी करायला हाच सराव सगळ्यांत खात्रीचा, आणि बहुतेक मुली तो दुसऱ्याच आठवड्यात सोडून देतात.

दुखापतीनंतर पहिल्यांदाच सामन्यात उतरणाऱ्या मुलीला मी दोरीचा ब्रेस देते. पांढरी टेपही चालते, पण ती लावायला सराव लागतो आणि अर्ध्या तासाच्या खेळात बरीच सैल होते. ब्रेस एकदाच घ्यावा लागतो, मुलगी तो स्वतः आवळू शकते आणि हंगामाचा हिशेब केला तर टेपच्या रोलांपेक्षा स्वस्त पडतो. पालकांना हे सांगितलं की त्यांना आनंद होतो, मुलीला होत नाही. त्यात गुलाबी मिळत नाही.

ट्रेकला जाणारेही टेप विचारायला येतात, बहुतेक गड उतरताना पाय मुरगळलेले. त्यांना पट्ट्या याच, फक्त आदल्या रात्री लावा. पहाटे पायथ्याशी मोबाइलच्या उजेडात दवात भिजलेल्या पायावर लावू नका. पिशवीत क्रेप बँडेजही असू द्या. वाटेत मुरगळलं तर वरून नवीन टेप लावण्याऐवजी बुटाच्या नाड्या सैल करून क्रेप गुंडाळा आणि ती चार पावलांची कसोटी घ्या.

उरलेला रोल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरात सावलीला ठेवा, गाडीच्या डिकीत नको. एप्रिल-मेच्या उन्हात गोंद पाघळून कागदालाच धरतो आणि सोलताना कागदाच्या चिंध्या होतात. असा रोल हाती आला तर पहिले एक-दोन फेरे कापून टाका. आतली टेप नीट सुटत असेल तर वापरा, नाहीतर नवीन आणा. आणि टेपची कात्री वेगळी ठेवा, स्वयंपाकघरात दुधाच्या पिशव्या फोडायला गेलेली कात्री परत आली की तिने कोपरे गोल होत नाहीत.